मनकर्णाबाईचा मांडव

आमच्या प्रार्थनामंदिराची भिंत फाटली त्या दिवशी मी नवऱ्याला एक शब्दही बोलले नाही. बोलायचं ते सगळं मी पाया खणतानाच बोलून ठेवलं होतं. भिंत पडली असती तर निदान दगड तरी परत मिळाले असते. पण ती पायापासून वरपर्यंत फाटून तशीच उभी राहिली, आणि फटीतून पलीकडे चरणारी म्हैस दिसू लागली.

आमचे हे, म्हणजे मार्तंडराव, मिशनचे उपदेशक. माणूस देवभोळा नाही, देववेडा आहे. जन्म नगरकडचा, तिथे दोन हात खणलं की खडक लागतो. आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यातलं, वरवट बकालच्या पलीकडे. इथे खणत राहा, काळी माती संपत नाही. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत गेलेलं कोंबडीचं पिल्लू शोधावं लागतं. मी पिंपळगाव राजाची लेक, मला हे ठाऊक होतं. मी सांगितलं, "अहो, या मातीत दगडी भिंत उभी राहत नाही." तर हे म्हणाले, "शरयू, शहाण्या माणसानं घर खडकावर बांधलं, असं प्रभूनं सांगितलंय."

"इथे खडक नाही."

"मग आणू."

आणि खरंच, सातपुड्याच्या पायथ्याहून गाड्या भरभरून दगड आणून यांनी काळ्या मातीत खडक पेरला! वर भिंत चढवली. पहिल्या पावसाळ्यात ती हलली, आणि ऐन वैशाखात फाटली. पुढच्याच रविवारी मिशनच्या मंडळाचे रेव्हरंड वामनराव पाहणीला येणार होते.

मंडळाचा नियम सरळ होता. जिथे प्रार्थनेला घर आहे तिथेच स्वतंत्र मंडळी, म्हणजे उपासकांचा संघ, आणि तिथेच उपदेशक. घर नसेल तर आमची मंडळी जळगाव जामोदच्या मंडळीत सामील व्हायची, यांची बदली तिकडे, आणि गावच्या ख्रिस्ती लोकांनी दर रविवारी जळगावला चालत जायचं. पावसाळ्यात मधले नाले भरले की गावाबाहेर कुत्रंसुद्धा पडत नाही. म्हणजे वर्षातले चार महिने प्रभूची सुट्टीच.

आम्हा दोघांचं काय, आम्ही कुठेही गेलो असतो. प्रश्न मनकर्णाबाईचा होता.

मनकर्णाबाई गावातली पहिली ख्रिस्ती. महारवाड्यातली म्हातारी विधवा, गुडघे गेलेले, आवाज मात्र अजून शिवारभर ऐकू जाणारा. तिला जळगावपर्यंत चालवत नव्हतं, आणि प्रभुभोजन, म्हणजे रेव्हरंडांच्याच हातून मिळणारी प्रभूच्या नावची भाकर, तर जळगावलाच मिळायचं. कोणाची बैलगाडी मिळाली तरच ती जाई. भिंतीखालची जमीनही तिचीच, वावराच्या टोकाची पट्टी. पाटलानं गावठाणात जागा नाकारली तेव्हा तिनं ती देऊन टाकली होती.

ती ख्रिस्ती का झाली, हे ती कोणालाही सांगायची. विचारावं लागत नसे. "मास्तरीनबाई," ती मला म्हणायची, कारण मी महारवाड्यातल्या पोरींना वाचायला शिकवायचे, "लहानपणी मायच्या कडेवर बसून म्या मारुतीचं देऊळ पाह्यलं. दुरून. कयस दिसे, ध्वज दिसे, देव दिसेना. मी मायले म्हनो, देव कुठी हाये वं? माय म्हने, आत. मले आत म्हंजे काय ते समजेच ना. मंग तुमच्या मालकानं त्या विहिरीवरच्या बाईची गोठ सांगतली. थकलेला देव तिच्यापाशी बसला, अन् त्यानं तिले पानी मांगलं. जिच्या हातचं कोनी घेत नोतं तिले! म्या म्हनलं, बस. हाच माहा देव."

आणि मग नेहमी एक वाक्य जोडायची. "आता एकच राह्यलं. माह्या गावात देवाचं घर पाह्यजे, अन् मी त्याच्या आत बसाले पाह्यजे."

म्हणून भिंत फाटली तेव्हा माझा राग यांच्यावर कमी आणि त्या भेगेवर जास्त होता. मला रडू येत होतं. ते मी चुलीच्या धुरावर ढकललं.

संध्याकाळी मंडळी अंगणात जमली. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. यांनी शास्त्र उघडलं, कारण संकट आलं की यांना दुसरं काही उघडता येत नाही. वाळवंटातला भाग निघाला, गुलामीतून सुटलेले लोक देवासाठी मंडप उभारतात तो. खांब किती, पडदे किती, कड्या कशाच्या, सगळं सविस्तर. मी मनात म्हटलं, घ्या, इथे घर फाटलंय आणि आमचे हे कड्या मोजताहेत.

मनकर्णाबाई मात्र पुढे सरकून बसली. "थांबा. म्हंजे देवाचं पयलं घर मांडव होता?"

"हो, मंडपच."

"भिंत नोती?"

"नव्हती. खांब आणि पडदे."

"अन् त्याच्या मेढी कोनं आनल्या?"

"ज्याच्या ज्याच्या मनात आलं त्यानं आणलं," हे म्हणाले. "बायांनी सूत कातलं, शेळ्यांच्या केसांचे पडदे विणले. कोणी लाकूड आणलं. शेवटी इतकं आलं की पुरे म्हणून सांगावं लागलं."

मनकर्णाबाईनं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि उठून उभी राहिली. "मंग हे इतके दिवस काऊन नाई सांगतलं, मास्तर? भिंत आपल्याले येत नाई. मांडव येते. आमच्या घरानं दुसरं केलं काय जलमभर!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात कोणाचंही लग्न असो, मांडवाचा लाकूडफाटा आणायचं काम मनकर्णाबाईच्या घराकडे होतं. तिचा नवरा शेषराव सातपुड्यातून मेढी तोडून आणायचा, म्हणजे मांडवाचे खांब. ती आंब्या-जांभळाचे डहाळे डोक्यावरून आणायची. मेढी रोवून झाल्या की दोघं बाहेर. लग्न लागायचं, पंगती उठायच्या, आणि उरलेलं अन्न यांच्या पाटीत यायचं. गावातला एकही मांडव तिनं आणल्याशिवाय उभा राहिला नव्हता, आणि एकाही मांडवात ती बसली नव्हती. ख्रिस्ती झाल्यावर पाटलानं तेही काम काढून घेतलं. शेषराव त्याआधीच तापानं गेला होता.

"पण मेढी आणायच्या कुठून?" मी विचारलं. सातपुड्यातल्या सागाला हात लावायचा तर आता नागपूरच्या सरकारचा पास लागे, आणि पास यायला दिवाळी उजाडली असती.

"जंगलातून काऊन आनाच्या? गावात हायेत नं. घराघराच्या माळ्यावर पडेल हायेत. आमीच आनेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटलाकडे निघाली. मीही तिच्यामागून गेले, कारण तिला एकटीला जाऊ देणं मला बरं वाटेना, आणि खरं सांगायचं तर मला ऐकायचंही होतं.

पंजाबराव पाटील ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. माणूस दुष्ट नव्हे, पण आपल्या पाटीलकीवर भारी खूष. त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि त्या मांडवाच्या, माळ्यावरून काढलेल्या जुन्याच मेढी अजून भिंतीला टेकून ठेवलेल्या होत्या. मनकर्णाबाई अंगणाच्या कडेला उभी राहिली, जिथे ती जन्मभर उभी राहत आली तिथेच.

"काऊन गं मनके," पाटील हसत म्हणाले, "भिंत फाटली म्हनते तुमच्या देवाची?"

"फाटली, पाटील."

"म्या तवाच म्हनलं होतं. अन् आता काय, परत जागा मांगाले आली?"

"जागा नाई. पाटील, तुमच्या लग्नाचा मांडव कोनं आनला होता?"

पाटलांचा अडकित्ता थांबला. "तुह्या मालकानं. शेषरावानं."

"तुमच्या भावाच्या लग्नाचा?"

"त्यानंच."

"ह्या ज्या मेढी भिंतीले टेकेल हायेत, त्याबी त्याच्याच हातच्या. ते बेयक्याची पाहा, वरतं दोन फाटे असलेली, ते मी वयखतो. लई जड होती. आनता आनता खांदा सोलून निघाला होता त्यायचा." तिनं पदर सावरला. "त मंग पाटील, आता माह्या घरी लग्न हाये. मले मांडवाले एक मेढ पाह्यजे."

"तुह्या घरी? कोनाचं लग्न?"

"लग्नच समजा. देव माह्या गावात राहाले येऊन राह्यला."

पाटील खदखदून हसले. मग हसता हसता त्यांची नजर त्या मेढींवर गेली. घरातून बायका डोकावत होत्या. मांडवाच्या मेढीला नाही म्हणणं आमच्याकडे फार वाईट समजतात. त्यातून ज्या घरातली मुलगी नुकतीच सासरी गेलीय, त्या घरानं तर नाहीच म्हणू नये. आणि हे त्या म्हातारीला पुरतं ठाऊक होतं.

"हे पाह्य मनके," शेवटी पाटील म्हणाले, "भिंत मांगतली असती त एक गोटा देल्ला नसता. जागा त देल्लीच नाई. पन मांडवाले मेढ नाई म्हननं आमच्या घरात कोनी केलं नाई, अन् मीबी करनार नाई. कोनती पाह्यजे?"

"बेयक्याची."

"माहीत होतं मले." पाटलांनी ती न्यायची खूण केली आणि उठून आत गेले.

पाटलांनी मेढ दिली म्हटल्यावर बाकीच्यांना काय सबब राहणार? मनकर्णाबाई दारोदार गेली. भीक मागितल्यासारखं नाही, आमंत्रण दिल्यासारखं. "तुमच्या लग्नाले मेढ आमी आनली होती, आता आमच्या मांडवाले एक पाह्यजे." कोणी हसून दिली, कोणी तोंड वाकडं करून दिली. एकानं वाळवी लागलेली दिली, तीही तिनं घेतली. शनिवारी धनगरवाड्यातला महादेवराव आपली दोन घोंगडी घेऊन आला. म्हणाला, पश्चिमेकडून ऊन येईल तिकडे बांधा. घोंगडी पाहून आमचे हे लहान पोरासारखे नाचले. "शरयू, विणलेला पडदा! बघ, आला की नाही? शास्त्रात आहे!" महादेवराव घाबरून दोन पावलं मागे सरला. शास्त्रात आपलं घोंगडं कसं गेलं, ते त्याला समजेना.

रविवारी सकाळी मांडव उभा होता. फाटक्या भिंतीशेजारी, आंब्या-जांभळाच्या डहाळ्यांनी गच्च भरलेला, खाली सडा घातलेला. मधोमध बेळक्याची मेढ. मी जन्मात कधी एवढी खूष झाले नव्हते. तेवढ्यात जळगावकडून रेव्हरंडांची दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, येताना दिसली.

रेव्हरंड वामनराव दमणीतून उतरले. काळा लांब कोट, कपाळावर कायमची आठी. माणूस विद्वान आणि नियमाचा पक्का. त्यांनी आधी भिंत पाहिली, मग मांडव पाहिला, मग यांच्याकडे पाहिलं.

"मार्तंडराव, प्रार्थनेचं घर कुठे आहे?"

"हेच."

"हा मांडव आहे. घराला भिंती असतात, दार असतं. मंडळाला मी काय कळवू? वऱ्हाडात उपासना मांडवाखाली चालते?"

मला वाटलं, आता आमचे हे गांगरणार. एरवी साध्या भाजीवाल्यासमोरही ते गांगरतात. पण त्या दिवशी त्यांचा आवाज असा लागला की मीच चकित झाले.

"उपासना होऊ द्या, मग ठरवा," ते म्हणाले, आणि मेढीपाशी उभे राहिले.

"वाळवंटात दगड नव्हते का?" त्यांनी सुरुवात केली. "डोंगरच्या डोंगर होते. तरी देवानं मंडप मागितला. कारण लोक निघाले की त्यालाही त्यांच्याबरोबर निघायचं होतं. पुढे त्याच लोकांच्या राजाच्या मनात आलं की मी देवदाराच्या वाड्यात राहतो आणि देव कापडाखाली. देवानं त्याला विचारलं, मी कधी कोणाकडे वाडा मागितला होता का? तरीही मंदिर झालं. सोन्यानं मढवलं. देव त्यातही आला, त्यानं कमीपणा मानला नाही. पण माणसांनी काय केलं? एक अंगण, त्याच्या आत दुसरं अंगण, मग भिंत, मग पडदा. आणि प्रत्येक भिंतीच्या बाहेर कोणीतरी उभं."

मनकर्णाबाईनं मान हलवली. ती पहिल्या रांगेत बसली होती.

"प्रभूनं क्रुसावर प्राण सोडला, त्या क्षणी मंदिरातला पडदा वरून खालपर्यंत फाटला. वरून! खालून फाटला असता तर माणसाचा हात म्हणता आलं असतं. आमची ही भिंत मात्र खालून फाटली, तेव्हा ते काम माझं आणि काळ्या मातीचं, मी ते देवावर ढकलत नाही." लोक हसले. वामनरावांची आठी जराशी हलली. "पण मी विचारतो, रेव्हरंडसाहेब, जो पडदा देवानं फाडला तो मी या गावात दगडाचा करून परत का बांधत होतो? विहिरीवरच्या बाईनं विचारलं होतं, देवाला कुठे भजायचं, या डोंगरावर की त्या शहरात? तिला प्रभूनं जागा सांगितली नाही. स्वर्गातला बाप भक्त शोधतो आहे, असं सांगितलं. शोधणारा तो आहे. तो वरवट बकालच्या रस्त्यानं येतो आहे, आणि त्याला बसायला सावली हवी. ती आम्ही केली आहे."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. उपासनेत वाजवत नाहीत म्हणून हात पदरात धरून बसले. या माणसाशी लग्न केलं ते काही चुकलं नाही, असं त्या दिवशी मी मनाशी कबूल केलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

ऊन आता चढलं होतं. गावातले बरेच जण तमाशा पाहायला आले होते आणि मांडवाबाहेर उभे होते. मेढी त्यांच्याच, तेव्हा काय होतंय ते त्यांना पाहायचंच होतं. सगळ्यांच्या पुढे पंजाबराव पाटील. फेट्याखालून घामाच्या धारा, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेताहेत, पण मागे हटायला तयार नाहीत आणि पुढे यायलाही नाहीत. मांडवाची सावली त्यांच्यापासून हातभर अंतरावर संपत होती.

मनकर्णाबाईनं मागे वळून पाहिलं. मग ती उठली, गुडघे धरत धरत सावलीच्या कडेपर्यंत गेली. ती आत आणि पाटील बाहेर, असे ते दोघं समोरासमोर उभे राहिले. या गावात असं आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"पाटील," ती म्हणाली, "उन्हात काऊन उभे? आत या."

"मी पाहून राह्यलो इथूनच."

"इथून देव दिसत नाई, पाटील. म्या लहानपनापासून पाह्यलं हाये बाहेरून. मले माहीत हाये." तिचा आवाज जराही चढला नाही. त्यात टोमणा नव्हता, हीच तर गंमत. "मेढ तुमची हाये. या."

पाटलांनी आजूबाजूला पाहिलं. फाटक्या भिंतीकडे पाहिलं, बेळक्याच्या मेढीकडे पाहिलं. मग वाकले, जोडे काढले, आणि सावलीत पाय ठेवला.

"मनकर्णाबाई," ते म्हणाले, आणि मी कान टवकारले, कारण मनकर्णाबाई असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते, "कुठी बसू?"

"जागा मोकयी हाये. पाह्यजे तिथी बसा."

पाटील बसले. त्यांच्यामागून महादेवराव आला, मग आणखी कोणी, मग आणखी कोणी. मी खोटं सांगणार नाही. कोपऱ्यात पाण्याचा माठ होता, त्याच्याकडे पाटलांनी दोनदा पाहिलं आणि तहान तशीच गिळली. काही जण उन्हात उभेच राहिले. पण जे आत आले ते आमच्या लोकांच्या शेजारी, एकाच सड्यावर मांडी घालून बसले.

वामनराव हे सगळं पाहत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला.

"पावसाळ्यात काय कराल?" त्यांनी विचारलं. आवाज आता नियमाचा नव्हता.

"कुडाच्या भिंती घालू, वर गवत टाकू," मनकर्णाबाई म्हणाली. "कायीच्या मातीत कूड टिकते. पन एक बाजू उघडी ठेवाची. मंडयाले सांगा, म्हातारीनं सांगतलं."

वामनराव हसले. त्यांना हसता येतं हे तेव्हा कळलं. "मंडळाला मी सांगतो की या गावात प्रार्थनेचं घर आहे. दार कुठे आहे असं कोणी विचारलं, तर त्यांनी स्वतः येऊन शोधावं. मार्तंडराव, तुम्ही इथून हलायचं नाही. आणि तुम्ही कोणी जळगावला चालत यायचं नाही. प्रभुभोजन घेऊन महिन्याला मीच येईन. आजपासूनच." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "भाकर आहे का कोणाकडे?"

भाकर मी पहाटेच थापून ठेवली होती. ज्वारीची. माझ्या नवऱ्याच्या बोलण्यावर नसेल, पण त्या म्हातारीच्या चालण्यावर माझा विश्वास होता.

वामनरावांनी भाकर मोडली आणि पहिला तुकडा मनकर्णाबाईसमोर धरला. तिनं तो घेतला, पण लगेच तोंडात घातला नाही. ती मधल्या मेढीपाशी गेली, बेळक्यावर हात ठेवला, आणि शिवारभर ऐकू जाईल अशा त्या आवाजात म्हणाली, "अहो, पाह्यलं का? आज आपून आत हाओत."

मग तिनं भाकर खाल्ली. कोणीतरी टाळ उचलले, कोणीतरी ढोलकीवर थाप मारली, आणि आम्ही गायला लागलो. माझा आवाज फुटत होता, मी फुटू दिला.